मेलेली बॅटरी आणि मिठाची पुडी

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर बेडसे गावातल्या एका मित्राकडे गेलो होतो. लेण्यांच्या डोंगराखाली त्याचं घर. दारात पिकअप उभी होती आणि पिकअपची बॅटरी ओट्यावर. सहाही बुचं काढलेली. शेजारी अंघोळीची निळी बादली, तिच्यात गढूळ तपकिरी ॲसिड. एका पातेल्यात गरम पाणी घेऊन तो त्यात एप्सम सॉल्ट ढवळत होता. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला. त्यावर कुणीतरी हिंदीत समजावून सांगत होतं की मेलेली बॅटरी वीस-तीस रुपयांत घरच्या घरी नवी कशी करायची. मित्राचा सात वर्षांचा मुलगा नरसाळं धरून उभा होता.

मी काही बोलायच्या आत त्याने बादली उचलली आणि घरामागच्या चरात रिकामी केली. तो चर पुढे भाताच्या खाचरात जातो. मग बादली नळाखाली दोनदा खळखळून धुतली आणि मोरीत परत ठेवली.

मी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "तुझं ठीक आहे रे. तुझा पगार एक तारखेला होतो. नव्या बॅटरीला सहा हजार मी कुठून आणू?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. 'विष आहे', 'मूल जवळ आहे', एवढंच बोलत राहिलो, आणि ते त्याला शहरी माणसाच्या नाकं मुरडण्यासारखं वाटलं असणार. त्याचा प्रश्न खोटा नाही. पिकअप हे त्याचं पोट आहे. पण त्याला मिळालेलं उत्तर, म्हणजे मोबाईलवरचं उत्तर, खोटं आहे. या लेखात मला त्या खोट्या उत्तराशी भांडायचं आहे, मित्राशी नाही.

आधी बॅटरी मरते म्हणजे काय होतं, ते बघू. हे समजलं की अर्धं भांडण तिथेच मिटतं.

गाडीची बॅटरी हा दीडशे वर्षांहून जुना शोध आहे. गास्तोन प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली तो लावला आणि मूळ रचना आजही तीच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येक कप्पा साधारण दोन व्होल्टचा. कप्प्यात शिशाच्या जाळ्या, जाळ्यांवर थापलेला लेप, आणि भोवती पाणी मिसळलेलं गंधकाम्ल. एका प्लेटवरचा लेप शिशाचा, दुसरीवरचा शिशाच्या ऑक्साइडचा. बॅटरी वापरली की दोन्ही लेपांचं लेड सल्फेट होतं आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्ज केली की सल्फेट मोडून पुन्हा शिसं, ऑक्साइड आणि ॲसिड तयार होतं. हे चक्र शेकडो वेळा फिरतं.

ते थांबतं कशाने? कारणं एक नाही, निदान चार आहेत. पहिलं, उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की सल्फेटचे बारीक कण मोठे आणि कडक होत जातात, आणि मग चार्जिंगला दाद देत नाहीत. दुसरं, प्लेटवरचा लेप हळूहळू झडतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो. गाळ वाढत प्लेटांना भिडला की कप्पा शॉर्ट होतो, ज्याला आपले मेकॅनिक 'सेल डेड' म्हणतात. तिसरं, जाळीच गंजते. चौथं, आतला जोड तुटतो. या चारांपैकी फक्त पहिल्या दुखण्यात, आणि तेही ताजं असेल तरच, काही सुधारणा होऊ शकते. झडलेला लेप, गंजलेली जाळी आणि तुटलेला जोड यांना जगातली कुठलीही पुडी परत जोडत नाही. महागडं पल्स चार्जरही नाही.

आता मिठाचं बघा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ज्या बॅटरीचं दुखणंच सल्फेट न विरघळणं हे आहे, तिच्यात आपण आणखी सल्फेट ओततो. शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा. द्रावणात सल्फेट वाढलं तर लेड सल्फेट जास्त नाही, उलट कमी विरघळतं. शिवाय आपण आतलं ॲसिड ओतून दिलं, म्हणजे बॅटरीचं निम्मं इंधनच फेकलं. आणि ओतताना ती उपडी केली, म्हणजे तळाशी निपचित बसलेला गाळ प्लेटांच्या मधे नेऊन अडकवला. जो कप्पा अजून सहा महिने चालला असता, तोही गेला.

मग लोकांना फरक दिसतो तो कसा? दिसतो, हे खरं आहे. मित्रानेही चार दिवसांनी मला फोटो पाठवला. मीटरवर १२.६ व्होल्ट, खाली हसरा चेहरा. या १२.६ चं रहस्य साधं आहे. मीठ घातल्यावर त्याने बॅटरी दोन दिवस चार्जिंगला लावली होती. जे काही झालं ते चार्जिंगने झालं. मीठ न घालता, ॲसिड न ओतता, बॅटरी तशीच दोन दिवस हळू चार्जिंगला लावली असती तर यापेक्षा बरा निकाल आला असता. पण ते कुणी करून बघत नाही, कारण त्यात व्हिडिओसारखी गंमत नाही.

हायड्रोमीटरचंही तसंच. गॅरेजवाला काचेच्या नळीत ॲसिड ओढून ग्रॅव्हिटी बघतो. भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी साधारण १.२६ च्या आसपास येते. पण ती काचेची नळी फक्त द्रावण किती जड आहे ते सांगते. ते ॲसिडमुळे जड आहे की मिठामुळे, हे तिला कळत नाही. मीठ घातलं की आकडा वर जातो. माणूस खूश. बॅटरी आहे तिथेच.

हे मिठाचं वेड काही आपल्याकडचं नाही आणि मोबाईलमुळे आलेलंही नाही. अमेरिकेत १९५० च्या आसपास एडी-एक्स-टू नावाची पावडर खपत होती. बॅटरीत टाका, तिचं आयुष्य वाढेल, असा दावा. पुडीत मुख्यत्वे होतं काय? सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. म्हणजे आमच्या मित्राचीच पुडी, फक्त छापील डब्यात. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने अशा पावडरी वर्षानुवर्षं तपासल्या होत्या. ही पण तपासली आणि निकाल दिला की उपयोग नाही. विकणाऱ्याने आरडाओरडा केला की सरकारी शास्त्रज्ञ लहान धंदेवाल्याला बुडवत आहेत. गंमत म्हणजे सरकारातल्या मंत्र्यालाही ते पटलं. १९५३ साली वाणिज्य मंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांचा राजीनामा मागितला. देशभरातले शास्त्रज्ञ खवळले आणि ॲस्टिन यांना परत घ्यावं लागलं. मग विज्ञान अकादमीची समिती नेमली गेली. तिनेही त्याच वर्षी सांगून टाकलं की संस्थेची तपासणी योग्य होती, पावडरीत दम नाही.

एका मिठाच्या पुडीवरून एका महासत्तेचं सरकार हललं, आणि तरी सत्तर वर्षांनी तीच पुडी मावळातल्या एका ओट्यावर पोचली. इथे मला व्हिडिओवाल्यांचा राग येतो. त्यांच्या व्हिडिओत बॅटरीला मल्टिमीटर लावलेला असतो, टाळ्यांचा आवाज असतो. तीन महिन्यांनी ती बॅटरी कुठे आहे, हे कधी नसतं. ओतलेलं ॲसिड कुठे गेलं, हेही नसतं. त्यांची कमाई बॅटरी चालण्यावर नाही, आपण बघण्यावर आहे.

आणि हे फक्त फसलेल्या प्रयोगापुरतं राहत नाही. अशी 'जिवंत केलेली' बॅटरी बाजारात विकली जाते. चार्जरवरून नुकतीच काढलेली, टर्मिनल घासून चकचकीत केलेली, मीटरवर १२.६ दाखवणारी. विकत घेणारा असतो कुणी रिक्षावाला, कुणी भाजीचा टेम्पोवाला. चार्जिंगनंतर काही तास हा आकडा वरवर फुगलेला असतो. सेल्फचा भार पडला की बॅटरीचं खरं रूप कळतं.

मदिनेच्या बाजारातला धान्याच्या राशीचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी जुम्म्याच्या बयानात ऐकलेला असतो. पैगंबरांनी (स.) राशीत हात घातला तर वर कोरडं धान्य आणि आत ओलं. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्याला समज मिळाली ती धान्य भिजलं म्हणून नव्हे, भिजलेलं वर न ठेवता खाली दडवलं म्हणून. मला या बॅटरीच्या धंद्याकडे बघताना ती रास आठवते. जुनी बॅटरी विकण्यात काही वाईट नाही. ती जुनी आहे, तिच्यात मीठ घातलंय, ती किती दिवस चालेल सांगता येत नाही, हे तोंडावर सांगून विका. तसं सांगून कोण घेईल? बरोबर. म्हणूनच कुणी सांगत नाही.

मित्राची बॅटरी अकराव्या दिवशी बसली. पहाटे तीनला जरबेराचे बॉक्स भरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डाला निघायचं होतं. किल्ली फिरवली, 'टक्' असा आवाज आला आणि संपलं. धक्का मारायला त्या वेळी माणूस नाही. दुसरी गाडी येऊन माल चढेपर्यंत उजाडलं होतं. फुलाचा भाव सकाळी वेगळा असतो आणि उन्हं वर आल्यावर वेगळा. भाडं गेलं आणि त्या बागवाल्याने पुढचे आठ दिवस दुसऱ्याला बोलावलं. वाचवलेल्या सहा हजारांचा हिशेब तिथेच पूर्ण झाला.

पण मला खरी भीती त्या निळ्या बादलीची वाटते.

बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग शिसं असतो. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी फार मोठा वाटा एकट्या बॅटऱ्यांचा आहे. ओतलेल्या ॲसिडचा तपकिरी रंग म्हणजे प्लेटवरून झडलेला शिशाचा लेप. ॲसिड मातीत काही काळाने मरतं. शिसं मरत नाही. ते पाण्याबरोबर वाहून लांब निघूनही जात नाही. बहुतेक वरच्या मातीतच राहतं, धूळ होतं, पायांना लागून घरात येतं, मुलांच्या हातांतून तोंडात जातं. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं अंगात शोषून घेतं. ते हाडांत साठतं आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. मूल आजारी दिसत नाही. फक्त अभ्यासात मागे पडतं, चिडचिड करतं, लक्ष लागत नाही म्हणून मार खातं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण माहीत नाही.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० साली एक अहवाल काढला. जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसं काळजी करण्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर आहे, असा त्याचा अंदाज. म्हणजे ८० कोटींपर्यंत मुलं, आणि त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली. या अहवालाने ज्या कारणांवर बोट ठेवलं त्यांत जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणं हे मोठं कारण आहे.

सेनेगल देशात डाकार शहराच्या कडेला थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा घरगुती धंदा वर्षानुवर्षं चालत होता. शिशाचा भाव चढला तशा बायका आणि मुलं बॅटरीची माती चाळून शिशाचे तुकडे गोळा करू लागली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तिथली १८ लहान मुलं मेली. त्यांच्या आईबापांना वाटत होतं की आपण कचऱ्यातून चार पैसे वाचवतोय.

कुणी म्हणेल, कुठे ती वस्ती आणि कुठे एक बादली! मान्य. एका बादलीने कुणाचं मूल मरत नाही. पण एक बादली कधीच एक नसते. ज्या व्हिडिओला लाखो लोक बघतात तो लाखो ओट्यांवर पोचतो. आणि बेडशाखालचा ओढा पवनेकडेच जातो. त्या पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग पितो.

हे मी पुस्तकं वाचून बोलतोय असं समजू नका. माझे एक मामू तरुणपणी बॅटरीच्या दुकानात कामाला होते. तेव्हा बॅटरीची पेटी काळ्या रबराची असायची, वरून डांबराने बंद केलेली. मामू डांबर तापवून काढायचे, वाईट सेल उचकटून नव्या प्लेटा बसवायचे, नवे सेपरेटर घालायचे आणि शिशाचे जोड वितळवून पुन्हा ओतायचे. ती खरी दुरुस्ती होती, हे मी अभिमानाने सांगतो. आजच्या प्लास्टिकच्या पेट्या कारखान्यातच वितळवून चिकटवलेल्या असतात. बऱ्याच बॅटऱ्यांना तर बुचंही नसतात. त्या कसबाला आता जागा उरलेली नाही.

पण त्या कसबाची किंमतही मला आठवते. मामूंच्या हिरड्यांच्या कडेने निळसर काळी रेघ होती. आम्ही ती तंबाखूची समजायचो. त्यांच्या पोटात मुरडा यायचा, घरात त्याला गॅस म्हणायचे. पुढे पुढे मनगटात जोर राहिला नाही, चहाचा कप धरताना हात लोंबायचा. रक्त कधी कुणी तपासलं नाही, त्यामुळे शपथेवर काही सांगता येणार नाही. पण पुष्कळ वर्षांनी मी शिशाच्या विषबाधेची लक्षणं वाचली तेव्हा ती तिन्ही एकाखाली एक लिहिलेली होती. मामी त्यांचे कामाचे कपडे घरातल्या कपड्यांबरोबरच धुवायची.

आता समोरून येणारे मुद्दे.

पहिला मुद्दा जुगाडाचा. आपल्याकडे गरिबाच्या जुगाडाचं कौतुक करायची फॅशन आली आहे. कौतुक करणारे बहुतेक गाडीची बॅटरी शोरूममध्ये बदलून घेतात. जुगाडाला माझा विरोध नाही. तुटलेल्या आरशाला सायकलची ट्यूब बांधा, मी टाळ्या वाजवीन. पण जुगाडाचा भुर्दंड ज्याच्या मुलाच्या हाडात जमा होतो, त्याला शाबासकी देणं ही क्रूर थट्टा आहे.

दुसरा मुद्दा आमच्या मशिदीतल्या एका बुजुर्गांनी काढला. म्हणाले, "बेटा, चालणारी चीज फेकून देणं इसराफ आहे, आणि इसराफ नापसंत आहे." मुद्दा वजनदार आहे. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. मी त्यांना विचारलं, चाचा, बॅटरी आषाढभर उतरलेली ठेवून मारली तो इसराफ नव्हता का? दर महिन्याला दहा मिनिटं दिली असती तर जी आणखी दीड-दोन वर्षं चालली असती, ती आळसाने घालवली, तेव्हा इसराफ कुणालाच का आठवला नाही? आणि जुनी बॅटरी दुकानात परत देणं म्हणजे फेकणं नव्हेच. तिच्यातलं जवळजवळ सगळं शिसं वितळून पुन्हा बॅटरीत जातं. फेकलं ते आपण चरात ओतलं तेवढंच. शिवाय दुसऱ्याला इजा करून आपला फायदा करायचा नाही, हा आपल्या फिकहचा पायाभूत नियम आहे. खाचरातला भात मित्र एकटाच खात नाही. चाचा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "माझ्या स्कूटरचं पाणी कधी बघितलंच नाही मी."

तिसरा मुद्दा, कंपन्यांना नवा माल खपवायचा असतो म्हणून त्या दुरुस्तीला बदनाम करतात. कंपन्या काही धर्मादाय संस्था नाहीत, हे मला माहीत आहे. सरकारही नाही. जीएसटी आल्यापासून कितीतरी वर्षं या बॅटरीवर २८ टक्के कर होता, म्हणजे माझ्या मित्राची पिकअप चैनीच्या वस्तूंच्या रांगेत उभी होती. त्यावर जरूर भांडा. पण मिठाची पुडी त्या भांडणातलं हत्यार नाही. पुडीने बॅटरी लवकर मरते आणि नवी लवकर घ्यावी लागते. व्हिडिओ बघून मीठ घालणारा माणूस कंपनीचं गिऱ्हाईकच वाढवतो.

चौथा मुद्दा सगळ्यांत अवघड, कारण तो आपल्या घरातला आहे. गॅरेज, बॅटरी, भंगार या धंद्यांत आपली किती पोरं आहेत, हे कुठल्याही गावाच्या नाक्यावर उभं राहून मोजता येईल. कुणी या धंद्याला घाणेरडा म्हटलं की आपल्याला झोंबतं, आणि झोंबायलाच पाहिजे. हा हलाल कष्टाचा पैसा आहे. पण ज्या धंद्याचा आपण एवढा अभिमान धरतो, त्यात काम करणाऱ्या पोराच्या रक्तातलं शिसं आपण एकदा तरी तपासलं का? तपासणी होते, लॅबमध्ये होते. हातमोजे आणि चष्मा त्याला कोण देतं? जेवणाआधी साबणाने हात धुवायला नळ आहे का? कामाचे कपडे दुकानातच सोडून घरी जायची सोय आहे का? अनेक ठिकाणी भंगारात बॅटरी ॲसिड ओतूनच तोलली जाते. ते ॲसिड दुकानामागच्या गटारात जातं, आणि त्याच गटाराशेजारी आपली मुलं क्रिकेट खेळतात. याबद्दल बाहेरच्याने बोललं की आपण चिडतो, आणि आतला कुणी बोलत नाही. म्हणून मी बोलतोय.

मग करायचं काय? मित्राच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. सहा हजार आणायचे कुठून?

मी सांगतो, ते सहा हजार बॅटरी मेल्यावर शोधायचे नसतात, ती जिवंत असताना वाचवायचे असतात. पावसात गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची काळी वायर सोडून ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती चार्जरवर पूर्ण भरून घ्या. उतरलेली बॅटरी एक दिवससुद्धा तशी ठेवू नका, सल्फेट तिथेच कडक व्हायला लागतं. बुचांची बॅटरी असेल तर महिन्याला पातळी बघा, प्लेटा उघड्या पडू देऊ नका. त्यात घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नाही, आणि ॲसिड तर नाहीच, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसा, थेंबही बुचातून आत जाऊ देऊ नका, कोरडं करून व्हॅसलीन लावा. बॅटरीची पट्टी घट्ट असू द्या. आमच्या रस्त्यांवर हादऱ्यांनीच लेप झडतो. इंजिन चालू असताना टर्मिनलवर चौदाच्या आसपास व्होल्ट येतात का, ते बघून घ्या. येत नसतील तर दोष अल्टरनेटरचा असतो आणि आपण बॅटरीला शिव्या देत बसतो.

चार्जिंग करताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणून बंद खोलीत, चुलीजवळ, विडी ओढत हे काम करायचं नाही. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडालं तर चोळायचं नाही, भरपूर साध्या पाण्याने धूत राहायचं आणि डोळा असेल तर धूत धूतच दवाखाना गाठायचा.

उतरलेल्या बॅटरीचा शेवटचा प्रयत्न करायचा असेल तर तो एकच आहे आणि फुकटासारखा आहे. काहीही न ओतता, काहीही न घालता, गॅरेजवाल्याला सांगून कमी करंटवर दोन दिवस चार्ज करून घ्या. मग एक रात्र तशीच ठेवा, वरवरचा आकडा उतरू द्या, आणि सकाळी लोड टेस्ट करा. टिकली तर नशीब. नाही टिकली तर तिला निरोप द्या.

आणि निरोप दुकानातच द्या. जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर टाकणारे नियम देशात २००१ पासून आहेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवरची ती जबाबदारी आणखी पक्की केली. बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य ठिकाणी देणं हे आपलंही काम ठरवलं. या नियमांत बॅटरी दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही जागा आहे, फक्त नोंदणी करून, उघडपणे. म्हणजे कायदा दुरुस्तीच्या विरोधात नाही. ओट्यावरच्या बादलीच्या विरोधात आहे. जुनी बॅटरी ॲसिडसकट परत द्या, तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलात वजा झालेली बघा आणि ते बिल मागून घ्या. दुकानदार कुरकुर करेल. आपण दहा जणांनी मागितलं की थांबेल.

बेडशाची लेणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तिथले खांब आठवत असतील, वर हत्ती-घोड्यांवर बसलेली माणसं. एके काळी आत भिंतींवर रंगीत चित्रं होती. एकोणिसाव्या शतकात सरकारी पाहुणे येणार म्हणून कुणा अधिकाऱ्याने लेणी स्वच्छ करायला लावली आणि त्या स्वच्छतेत चित्रंही खरवडली गेली, असं जुन्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे. करणाऱ्याला वाटलं असेल, आपण जुन्याला नवं करतोय. त्या डोंगराखालच्या ओट्यावर मला तेच दिसलं.

मित्राने शेवटी नवी बॅटरी घेतली, हप्त्यावर. आता दर महिन्याच्या एक तारखेला तो पाणी बघतो. माझा पगार होतो त्याच दिवशी, असा टोमणा मारून मला फोटो पाठवतो. निळी बादली मी माझ्यासमोर अंघोळीतून बाद करायला लावली. चरातली माती तेवढी तशीच आहे. यंदाही तिथे इंद्रायणी लावला होता. पोराला एकदा पुण्याला आण, रक्त तपासून घेऊ, असं मी त्याला तीनदा म्हणालोय. तो हो म्हणतो आणि विसरतो. हा लेख छापून झाला की मी स्वतःच त्याला आणायला जाणार आहे.